काळ्या दोऱ्याचा माउथपीस

कॉर्नेटचा, म्हणजे बँडातल्या आखूड पितळी तुतारीचा, माउथपीस कसा निवडावा, हे सोलापुरात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. दुकानदार कड दाखवतात, खोली दाखवतात. मी नुसता ओठांना लावतो. ओठ खोटं बोलत नाहीत!

त्या दिवशी परीक्षा होती. आमच्या ब्रास बँडचे मालक बसवराजअण्णा म्हणाले होते, "आजचं लगीन नीट वाजिवलंस तर मास्तर तू. न्हायतर उद्यापासनं झांजा."

(थांबा. दोऱ्यांचं आधी सांगायला हवं.)

आमचा बँड लग्नं वाजवतो आणि मयतंही. कॉर्नेट एक, माउथपीस दोन. लाल दोऱ्याचा लग्नाला, काळ्या दोऱ्याचा मयताला. अदलाबदल चालत नाही. हा नियम आधीच्या मास्तरांचा, तिप्पण्णांचा. ते गेले तेव्हा काळा लावून मीच वाजवलं होतं.

परीक्षा म्हणून सकाळी मी दोन्ही चिंचेनं लख्ख घासले. घासायचे म्हणून दोरे सोडले.

श्वास.

दोन्ही अगदी सारखे. काळजी कसली? ओठ आहेत! पहिला लावला. बाकड्यासारखा कडक लागला. दुसरा आपणहून ओठांवर येऊन बसला. थंडगार. मे महिना, सोलापूर, आणि थंडगार. मला वाटलं, दर्जा दर्जा म्हणतात तो हाच.

श्वास.

मारुतीच्या देवळापासून नवरदेवाची घोडी निघाली. मी नाचाचं गाणं उचललं. सूर बरोबर होते, लय मात्र मंदावत गेली, वीज गेल्यावर पंखा मंदावतो तशी. नाचणारे मित्र थांबले आणि दोन-दोनच्या रांगेत चालू लागले. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून हात जोडले. कोपऱ्यावरच्या भेळवाल्यानं, कुणी न सांगता, प्रेतापुढे उधळतात तसे चुरमुरे उधळले. नवरदेव दिग्विजय घोडीवर डोळे मिटून बसला होता. वाटेतली माणसं त्याच्या मांडीवर एकेक फूल ठेवून जात होती.

मी माउथपीस काढायला गेलो. ओठ सुटेनात.

"वाजीव की," मागून तिप्पण्णा म्हणाले.

मागे पाहिलं. झांजावाला. तोंड मिटलेलं.

श्वास

मांडवाच्या दारात माउथपीस आपोआप सुटला. बसवराजअण्णा झांजा घेऊन माझ्याकडेच येत होते. त्यांच्याआधी काठी टेकत नवरदेवाचे आजोबा पोचले, हिंदुराव, वय एकोणनव्वद. डोळे पुसत होते.

"लई गोड वाजिवलंस. माझ्या टायमाला तूच पायजे. गुरुवारी मोकळा हायस का?"

मी गोंधळून खरं तेच बोललो. "गुरुवारी मोहोळला लगीन हाय, आजोबा."

त्यांनी जरा विचार केला.

"बरं. मग शुक्रवार धर."

अण्णांनी झांजा खाली ठेवल्या, मोबाइल काढला आणि शुक्रवार लिहून घेतला. "मास्तर," मला म्हणाले, "टायमावर ये."

झालो की मी मास्तर! फक्त एक गोष्ट सांगायला लाज वाटते. शुक्रवारी सकाळी फोन वाजला, तेव्हा माझा गणवेश चढवून झाला होता.