रेडिओचा होकार

यंत्रांशी माझं उत्तम जमतं, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. म्हणूनच बांधकामावर नवे वॉकीटॉकी आले, तेव्हा सोबतची पुस्तिका मी चहाच्या ग्लासाखाली ठेवली. मुकादमानंच पुस्तिका वाचायची, तर मुकादमी कशाला करायची?

आमची क्रेन माझा मेहुणा चालवतो. बायकोचा धाकटा भाऊ. सदा उंचावर, म्हणून सगळे त्याला चिमणा म्हणतात. मी खालून "वर", "खाली", "थांब" म्हणायचं, त्यानं वरून "बरं" म्हणायचं. रेडिओवर वायफळ बोलायचं नाही, हा कामाचा नियम. होता होता आमच्या नात्यातही तेवढेच शब्द उरले. त्या सकाळी कळलं, की चिमणा उद्यापासून दुसऱ्या कामावर चाललाय. कळलं कुणाकडून? पहारेकऱ्याकडून!

डोकं आधीच फिरलेलं, त्यात रेडिओ दर बटणाला टिकटिक करायचा. म्हटलं, याचं तोंड बंद करू. मेनूत शिरलो. बाण खाली, बाण वर, पुन्हा खाली. आत गेलो तो भलतीकडेच पोचलो. शेवटी दिसेल त्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि बाहेर पडलो. टिकटिक होतीच. वर आता मी काही बोललो की रेडिओ 'टुंग' करू लागला.

"निदान कुणीतरी माझं ऐकतंय!" मी म्हणालो.

टुंग!

वर पाहतो तर क्रेन थांबलेली! सळयांचा भारा अधांतरी लोंबकळतोय!

"रुसलाय! कामावर राग काढतोय गाढव!"

टुंग!

लांबून स्टोअरकीपर दोन्ही हात हलवत होता. मीही हात हलवला.

भाऱ्याकडे बघता बघता राग निवळला. त्या काचेच्या खोक्यात पोरगं दिवसभर एकटं बसतं. मला फार वाईट वाटलं. मी रेडिओपाशीच मन मोकळं केलं. "जाऊ नको रे. दुसरा कुणी वर असला की माझा जीव टांगणीला लागतो. तू असलास की मी निर्धास्त असतो. पण हे तुला सांगायचं कुठल्या तोंडानं?"

टुंग!

तेवढ्यात इंजिनिअरबाई धावत आल्या. "मुकादम, आधी गप्प बसा!" त्यांनी रेडिओ हिसकावला. "बटण न दाबता, नुसतं बोललं की बोलणं सगळीकडे जाईल, असं करून ठेवलंय तुम्ही! टुंग वाजलं की लाइन तुमची. बाकी कुणाला बोलताच येईना. इशारा नाही, म्हणून तो थांबलाय."

"म्हणजे... सगळ्यांनी ऐकलं?"

"गाढवापासून."

त्यांनी दोन बटणं दाबून रेडिओ परत दिला.

"दाजी," वरून आवाज आला. "भार खाली घेऊ?"

"घे."

भारा अलगद टेकला. रेडिओ पुन्हा खरखरला.

"मला वाटायचं, तुम्हाला वर कुणीही चालतं."

नियम मोडून मी म्हणालो, "नाही रे. तूच लागतोस."

"बरं," चिमणा म्हणाला. "नाही जात. ताईला फोन करून सांगितलंय सगळं."

संध्याकाळी घरी पोचलो, तर बायको दारातच उभी. खुलासा करावा म्हणून मी तोंड उघडलं.

"टुंग!" ती म्हणाली.