पूल जपून ठेवला आहे

खाडीवरच्या पुलात खारं पाणी मुरत होतं, आतल्या सळया गंजत होत्या, म्हणून खात्याने पुलाच्या पाठीवर जलरोधक लेप चढवला. इथवर सगळं शहाणपणाचं झालं. पण तिथेच थांबलं तर ते खातं कसलं?

पुलाचा इंजिनिअर लेप बघून हरखला. असल्या लेपावर गाड्या घालायच्या? वाहतूक बंद! वर डांबर घालायचं होतं, पण डांबराचे ट्रक म्हणजेही गाड्याच. तेही बंद.

इंजिनिअरच्या बहिणीचे दिवस भरत आले होते आणि तिचं सासर पुलापलीकडे. आईने गाठोडं उचललं, चालत निघाली. पहारेकऱ्याने अडवलं.

"पायीसुद्धा बंद, बाई. घामात मीठ असतं."

"मेल्या, माझ्या घामाची चव तुला कुणी विचारली?"

"वरचा आदेश आहे. रडायचं असेल तर तेही अलीकडेच उरका."

आई तडक लेकाच्या कार्यालयात.

"आई, समजून घे गं. पूल टिकायला हवा."

"कुणासाठी रे?"

"पुढच्या पिढीसाठी."

"ती पलीकडे जन्माला येतेय! काय सांगू तिला, मामाने पूल वाळत घातलाय?"

लेक विरघळला नाही. तोही जलरोधकच.

पुढे उन्हाने लेप तडकेल म्हणून पुलावर पत्र्याचं छप्पर मंजूर झालं. छप्पर उडू नये म्हणून खांब आले, खांब हलू नयेत म्हणून लेपातून पुलाला भोकं पाडली. भोकं वगळता लेप शाबूत असल्याचं खात्याने कळवलं.

लेकीला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, तशी आई होडीत बसली. पावसाची एक सर आली. छपराचं पाणी खांबांवरून भोकांत उतरलं आणि पुलाखालून जाताना आईच्या डोक्यावर तांबडं होऊन टपकलं.

"अरे, तुझा पूल गळतोय!"

वर लेप तपासत असलेला लेक ओरडला, "ती भोकं गळताहेत! लेप कोरडा आहे!"

आई पोचली तेव्हा नात जन्मून, रडून, झोपलीही होती. पुढच्या पिढीने खात्याची वाट पाहिली नाही.

विहीणबाईंनी सतरंजी अंथरली. "खालीच बसा हं, सोफा नवा आहे. प्लास्टिक अजून काढलं नाही."

आई मुकाट्याने खाली बसली. तिच्याही घरी तसाच आहे.

हसताय काय? तुमच्या सोफ्यावरचं काढलंत का?