मेनूला कुलूप नाही

रविवारी दुपारी साडेबारा वाजता लोकगृहाच्या, म्हणजे मोहल्ल्याने मिळून चालवलेल्या सार्वजनिक घराच्या, स्वयंपाकघरातल्या प्रिंटरमधून सात नंबरच्या टेबलाची चिठ्ठी बाहेर आली. आर्जियामावशींनी ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"तोर्तेल्लिनी. क्रीममध्ये," त्या म्हणाल्या. "कोण बसलाय रे मेला सात नंबरवर?"

"मिलानचा पाहुणा," काउंटरवरून सॉसेज भाजणारा वाइनेर म्हणाला. "आणि मावशी, ओरडू नका. क्रीम मीच घातलंय मेनूत. लोक मागतात."

मावशी आणि त्यांच्या सात मैत्रिणींनी तीन दिवस बसून त्या चिमुकल्या सारणभरल्या गुंडाळ्या एकेक करून बोटावर वळल्या होत्या. त्या कोंबडीच्या रश्शातच पोहायच्या, हे बोलोन्याच्या या मोहल्ल्यात शाळेत जाण्याआधी कळतं. मावशींनी पदराला, म्हणजे ॲप्रनला, हात पुसले, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी गेल्या आणि तीन कळा दाबून मेनूतलं क्रीम पुसून टाकलं.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला हे जमत होतं, त्याचं सगळं श्रेय इवानो झानारिनीचं. पोस्टातून निवृत्त झालेल्या या माणसाने एका शाळेने टाकून दिलेले आठ कॉम्प्युटर उचलून आणले, दोन हिवाळे खपून सणाच्या जेवणासाठी मेनू आणि ऑर्डर सांभाळणारा प्रोग्राम स्वतः लिहिला आणि तो आजूबाजूच्या सगळ्या लोकगृहांना वाटून टाकला. मग मोहल्ल्यात जो विचारेल त्याला तो शिकवत बसला. एकच गोष्ट नवव्यांदा विचारली तरी तो पहिल्यांदा विचारल्यासारखी सांगायचा. "दाबा, मावशी. चुकलं तर चुकलं. कॉम्प्युटर चावत नाही."

त्याच्या प्रोग्रामला पासवर्ड मात्र नव्हता. "कुलूप लावलं की किल्ली कुणाकडे ते ठरवावं लागतं," तो म्हणायचा, "आणि ज्याच्याकडे किल्ली, तो दुसऱ्या दिवशी मालक होतो. आपल्याला मालक नको म्हणूनच हे घर बांधलं ना?"

लोकगृहाच्या अध्यक्ष लोरेदानाबाईंना हे पटायचं, पण जेवणाच्या दिवशी नाही. मिलानच्या पाहुण्याला त्यांनीच बोलावलं होतं. तो भाड्याने प्रोग्राम देणाऱ्या कंपनीचा विक्रेता होता. "आजचं जेवण बिनबोभाट पार पडलं तर तुझा प्रोग्राम राहील," त्यांनी इवानोला सकाळीच बजावलं होतं. "नाही तर उद्या मी कंपनीच्या करारावर सही करणार."

एव्हाना वाइनेरने क्रीम परत घातलं होतं. मावशींनी ते पुन्हा काढलं. वाइनेरने घातलं आणि वर 'मावशींची खासियत' असं लिहिलं. मावशींनी त्याच्या शेगडीवरची सॉसेजेसच मेनूतून उडवली. वाढणारे टेबलापाशी पोचेपर्यंत मागवलेला पदार्थ जगात उरलेला नसे.

"इवानो!" लोरेदानाबाई धावत आल्या. "आत्ताच्या आत्ता पासवर्ड लाव!"

"कुलूप लावून भांडण मिटतं का?" इवानो शांतपणे म्हणाला. "मताला टाकू. दहा मिनिटं द्या."

दहा मिनिटांत त्याने खरोखरच प्रोग्राममध्ये मतदान बसवलं. पडद्यावर आलं: 'प्रस्ताव: क्रीम काढावे.' खाली बारीक अक्षरात होतं, 'निर्णय होईपर्यंत ऑर्डर थांबतील.'

एकशे ऐंशी माणसं आठ कॉम्प्युटरांपुढे रांगेत उभी राहिली. मतं समसमान पडली. मग एका आजोबांनी दुरुस्ती सुचवली: क्रीम ठेवावे, पण खाणाऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसावे. तिच्यावरही मतदान आलं. टोपल्यांतला पाव संपला. लोरेदानाबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पिशवीतून पेन काढून टेबलावर ठेवलं. इवानोने ते पेन पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला.

तेवढ्यात सात नंबरचा पाहुणा उठला. माणूस वाईट नव्हता, नुसता भुकेला होता.

"माफ करा हं," तो म्हणाला, "पण आमच्या प्रोग्राममध्ये असा घोळच होत नाही. मेनू एकदा आमच्या ऑफिसने घातला की कुणालाच हात लावता येत नाही."

मावशी डाव घेऊन बाहेर आल्या. "कुणालाच? मला पण?"

"बदल हवा असेल तर कंपनीला लिहायचं. तीन दिवसांत करून देतो."

"म्हणजे या बाईने क्रीम काढलं," वाइनेर म्हणाला, "तर मला ते परत घालता येणार नाही?"

"त्यांना काढताच येणार नाही."

मावशींनी आणि वाइनेरने एकमेकांकडे पाहिलं.

"माझ्या पातेल्यात काय पडायचं ते मिलानला विचारू?" मावशी म्हणाल्या.

"आणि माझी सॉसेजेस मिलानने उडवली तर?" वाइनेर म्हणाला. "मावशींनी उडवली तर त्यांच्याशी भांडता तरी येतं!"

लोरेदानाबाईंनी हात वर करायला सांगितलं. इवानोचा प्रोग्राम ठेवावा म्हणून सगळ्या सभागृहाचे हात वर आले. मावशींचा तर डावासकट. बाईंनी पेन पिशवीत टाकलं, पण त्याच दमात दुसरा प्रस्ताव मांडला: जेवण चालू असताना पासवर्ड असावा. त्यालाही सगळे हात वर. विरोधात एकटा इवानो.

त्याने हात दोनदा मोजले. मग कॉम्प्युटरपाशी बसला आणि पासवर्ड लावला. बहुमत ते बहुमत. क्रीमचं मतदान अर्ध्यावरच बंद झालं आणि ऑर्डर सुटल्या. घाईत पाहुण्याला तोर्तेल्लिनी रश्शातच मिळाली आणि त्याने ती दोनदा मागून घेतली.

"पण पासवर्ड सांगायचा कुणाला?" वाइनेरने विचारलं.

यावरही चर्चा झाली. एकाला सांगायचा आणि दुसऱ्याला नाही, हे कुणालाच न्यायाचं वाटेना. शेवटी मावशींनी खडू घेतला आणि दारातल्या मेनूच्या फळ्यावर, सॉसेजच्या नावाखाली, पासवर्ड लिहून टाकला.

इवानो फळ्यापाशी गेला. त्याने पासवर्ड पुसला, खडू उचलला आणि पुन्हा तोच लिहिला, जरा मोठ्या अक्षरात. आधीच्या अक्षरात तो शेवटच्या टेबलावरून नीट वाचता येत नव्हता.