निघोजे येथील एका सुराची मोहीम

श्री शके अठराशे सत्याहत्तर, मन्मथनाम संवत्सरे, पौष मासी, मौजे निघोजे येथील प्राथमिक शाळेत गायनाची जी मोहीम जाहली, तिची हकिकत ज्यांनी डोळ्यांनी पाहिली व कानांनी सोसली त्यांच्या तोंडून ऐकोन लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही. घालण्याची गरज पडली नाही.

ते समयी शाळेचा कारभार राजमान्य राजश्री ज्योतीराम गुरुजी यांजकडे होता. चार इयत्ता, त्रेचाळीस मुले, मारुतीच्या देवळाची ओसरी आणि एक फळा, येवढा मुलूख गुरुजी एकटे राखीत. पाढे, शुद्धलेखन आणि छडी या तिन्ही विद्यांत त्यांचा लौकिक मोठा. परंतु गळा ऐसा की, गुरुजींनी एक ओळ म्हणावी आणि शेजारच्या मळ्यातील पाखरे उडावी. ऐसे असता तालुक्याहून फर्मान आले, की सुरांवाचून मुलांचा विकास खोळंबला आहे, सबब दर शाळेने प्रार्थना सुरात म्हणावी. पंधरा दिवसांनी तपासनीस साहेबांची स्वारी येईल, आणि ज्याची शाळा बेसूर निघेल त्याची बदली घाटमाथ्यावरील रानात होईल. सूर कोठोन आणावा हे फर्मानात लिहिले नव्हते. लिहिणारासही ठाऊक नसावे. सोबत एक जुनी बाजाची पेटी बैलगाडीत घालोन धाडली.

गुरुजींच्या कुटुंबास, कौशल्याबाईंस, सातवा महिना होता, आणि घाटमाथ्यावर सुईण नव्हती. सबब गुरुजींनी फर्मान पिठाच्या डब्याखाली दडविले. बाईंनी ते काढोन वाचले आणि पुन्हा तेथेच ठेविले.

मग पेटी उघडिली. गाडीच्या हिसक्यांनी एक पट्टी आत रुतोन बसली होती. भाता हालविताच तोच एक सूर निघे, आणि काही केल्या थांबेना. चाकणचे चांदभाई मिस्त्री, कंदिलापासोन ग्रामोफोनापर्यंत सर्व दुरुस्तीत मशहूर, त्यांस निरोप धाडिला. त्यांनी चौदाव्या दिवशी येतो म्हणोन कळविले. गुरुजींस पेटी वाजविता येत नव्हतीच, तेव्हा ते नुसता भाता मारीत बसले. पहिले दिवशी त्रेचाळीस मुले त्रेचाळीस वाटांनी गेली. परंतु तो सूर हटेना, ढळेना. आणि मग एकेक पोर थकोन त्याच्या आश्रयास आले, आणि दहावे दिवशी अवघी फौज एका सुरावर उभी राहिली. मग गुरुजींनीही हळूच तोंड उघडिले आणि त्यांचा आवाज त्या गर्दीत बेमालूम मिळोन गेला. कोणी हसले नाही. गुरुजींचे डोळे भरोन आले. खडूची धूळ गेली, ऐसे त्यांनी जाहीर केले.

चौदावे दिवशी चांदभाई आले आणि त्यांनी पेटी नामी दुरुस्त केली, आणि आपल्या हातची करामत ऐकावी म्हणोन मुक्कामास राहिले. दुसरे दिवशी सकाळी गुरुजींनी एक पट्टी दाबिली, मग दुसरी, मग घाबरोन चार एकदम. आणि फौज दाही दिशा उधळली. इतक्यात तपासनीस साहेबांची सायकल नदीकाठी दिसली, ऐसी खबर आली.

गुरुजींनी चांदभाईंस देवळामागे नेले. "चांदभाई, होता तसा बिघाड परत घाला."

"गुरुजी, तीस वरसं दुरुस्ती करतुय," चांदभाई म्हणाले. "बिघडवून द्या म्हननारं गिऱ्हाईक आजच बघितलं. ह्ये काम आमी करत न्हाई."

"आमच्या घरात सातवा महिना आहे. बदली झाली तर तिला रानात न्यावं लागेल."

"मग ह्ये आधी सांगायचं न्हाई व्हय?" येवढेच बोलोन चांदभाईंनी आगकाडी दातांनी चिरली आणि तीच पट्टी दाबोन पाचर मारिली.

साहेब येवोन स्थानापन्न जाहले. भाता हालला, सूर उभा राहिला, आणि त्रेचाळीस गळे त्यास बिलगले. प्रार्थना संपल्यावर साहेबांनी विचारिले, पेटीतोन एकच सूर का?

"प्राथमिक शाळा आहे, साहेब," गुरुजी म्हणाले. "यंदा एकच नेमला आहे."

साहेबांनी डोळे मिटोन बहुत विचार केला. त्यांस गाण्यातले काही कळत नव्हते, परंतु ते त्यांच्या वरिष्ठांस ठाऊक नव्हते. मग त्यांनी शेरेबुकात लिहिले, की पद्धत शास्त्रशुद्ध आहे.

आठ दिवसांत नवे फर्मान सुटले, की मुलखातील सर्व शाळांनी पहिले वर्षी एकच सूर शिकवावा, आणि ऐसे तज्ज्ञ गुरुजी जागचे हलवू नयेत. सबब आसपासच्या पाच शाळांच्या धडधाकट पेट्या चांदभाईंस बिघडवाव्या लागल्या. ते काम त्यांनी प्रेताला खांदा द्यावा ऐशा चेहऱ्याने केले.

येणेप्रमाणे निघोज्याची मोहीम फत्ते जाहली. घसे त्रेचाळीस बसले, ते गूळपाण्याने उठले. फाल्गुन वद्य पंचमीस कौशल्याबाई आपल्याच घरी, सुईणीच्या हाती, सुखरूप बाळंत जाहल्या, कन्या जाहली. गुरुजींनी त्या आनंदात शाळेस एक दिवस सुटी दिली. तिची मंजुरी तालुक्याहून अद्याप आलेली नाही.