वामनरावांच्या घरातला गारवा कोणी चोरला?

"माझ्या नजरेतून मुंगीही सुटत नाही," असं घनश्यामभाऊंच्या कार्डावर छापलंय. आर्णीतल्या या एकमेव खाजगी गुप्तहेराचा मी, रजत, एकमेव सहायक. ते मुंग्या शोधतात, मी त्यांचा चष्मा.

मे महिन्यात वामनरावांनी सकाळीच बोलावलं. "मागच्या उन्हाळ्यात घर कसं गारेगार होतं! यंदा भट्टी. छपराचं टिन तेच, कूलर तोच. अन् आज चारच्या एसटीनं आमची खुशी तान्हं लेकरू घेऊन येऊन राह्यली. तिच्या सासरी स्लॅब आहे. इथं तापलं तं उद्याच वापस जाईल."

"म्हणजे गारवा चोरीला गेला," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

पहिला संशय शेजाऱ्यांच्या नव्या कूलरवर: तो भिंतीतून गारवा ओढतो. भाऊंनी अर्धा तास भिंतीला कान लावला. कान भाजला. पुरावा म्हणून मी त्याचा फोटो काढला. दुसरा संशय, कोणीतरी टिन बदलून हुबेहूब तसंच टिन बसवलं. तिसरा खुद्द वामनरावांवर.

"एवढ्या उकाड्यात हा माणूस चिडत कसा नाही? गारवा यानंच गिळलाय!"

वामनराव तेव्हा मात्र चिडले. संशय मिटला.

उरला टिनाखालचा माळा. मधोमध कमरेएवढा उंच, कडेला हातभर. भाऊ मधून सरपटत शिरले आणि कडेला अडकले.

"रजत, इथं काहीच नाही! फार संशयास्पद!"

खाली वामनरावांच्या बायको, विमलताई, तूरडाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या साली भाव नव्हता, तं माळ्यावर कापूस चेपून भरलता. यंदा निघाला तसा इकला. गरम नाही होईल तं काय?"

"मंग आधी काहून नाही सांगतलं?" वामनराव ओरडले.

"मले इचारलं कोणी? हे भाऊ तं भिंतीशी बोलून राह्यले होते."

"मी याच निष्कर्षापर्यंत आलो होतो!" वरून आवाज आला.

भाऊंना ओढून पाहिलं, निघेनात. तेवढ्यात तीन वाजले. मग घरातल्या सगळ्या गाद्या, रजया, उशा माळ्यावर कोंबल्या. एका कोपऱ्याला गादी कमी पडली. तिथं भाऊ होतेच.

खुशी आली. लुगड्याच्या झोळीत लेकरू पाच मिनिटांत झोपलं.

"आई, घर गार आहे वं! राहतो महिनाभर."

वरून भाऊ कुजबुजले, "रजत, आता ओढ ना."

विमलताईंनी ओठांवर बोट ठेवलं.