खालच्या खणातलं कापड

बायकोचा उसासा आपल्याला ऐकूच आला नाही असं दाखवावं, हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. त्या रविवारी आम्ही जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहराच्या बाजारातून चाललो होतो. एका नव्या दुकानाच्या काचेआड बातिकचा पिनाफोर लटकत होता. बिनबाह्यांचा, छातीवर चौकोनी तुकडा, खांद्यांवरून दोन रुंद पट्टे आणि आत पांढराशुभ्र ब्लाउज. निंग्रुमनं, म्हणजे माझ्या बायकोनं, किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली, हळूच होती तशी केली आणि उसासा टाकला.

"शुक्रवारी घालायला किती छान होता," ती म्हणाली.

शुक्रवारी आमच्याकडे झाडून सगळ्या कचेऱ्या बातिक घालतात. पण हा शुक्रवार साधासुधा नव्हता. तिच्या पाणीपुरवठा कचेरीत विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती आणि मुलाखत घ्यायला सेमारांगहून मोठे साहेब येणार होते.

"हात्तिच्या! मी शिवतो," मी म्हणालो.

(मी कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे. म्हणजे हजेरी लिहितो. पण इतकी वर्षं शिलाई यंत्रांचा खडखडाट ऐकल्यावर थोडीफार विद्या कानातून आत जातेच की!)

"तुम्ही? परवा बटण लावताना शर्ट पायजम्याला शिवून बसलात, ते तुम्ही?"

हे तिनं बोलायला नको होतं. गुरुवारी मी पोटदुखीचं कारण सांगून रजा टाकली आणि ती कचेरीत जाताच कपाट उघडलं.

नवं कापड आणायचं तर मग शिवण्यात शहाणपण ते काय राहिलं? सगळ्यात खालच्या खणात, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं एक जुनं बातिक सापडलं. घड्यांमध्ये मोगऱ्याची सुकलेली फुलंही होती. (कसर लागू नये म्हणून असतील, असं मी ठरवून टाकलं.) मी मूळचा पेकालोंगानचा. आमच्या किनाऱ्यावर बातिक म्हणजे फुलं, पाखरं, गुलाबी-निळे रंग. सोलोचं हे काळं-तपकिरी बातिक मला सगळं सारखंच दिसतं. पण या कापडाचा एक मोठा गुण माझ्या नजरेनं लगेच हेरला. नक्षी चौकोन-त्रिकोणांची होती, सगळ्या रेघा सरळ. कात्री चालवायला याहून सोपं कापड शोधून सापडलं नसतं.

बायकोचा एक झगा वर्तमानपत्रावर ठेवून मी माप काढलं आणि कात्री लावली. दुपारपर्यंत मान आखडली, बोटांत टाचण्या घुसल्या, एक पट्टा आखूड झाल्यामुळे तो पुन्हा कापावा लागला. खिसा शिवताना त्याचं तोंडही शिवलं गेलं, पण मुलाखतीला खिशात हात कोण घालतं? आणि सांगतो काय, पिनाफोर जमला! दुकानातल्यापेक्षा देखणा! मी तो खिडकीत टांगला आणि निंग्रुमची वाट पाहत बसलो.

ती आली. पिनाफोर पाहून तिचा चेहरा फुलला. मग ती जवळ गेली, कापडाला हात लावला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे कापड कुठलं?"

"कपाटातलं."

"खालच्या खणातलं?"

"हो. पांढऱ्या फडक्यात—"

"अहो!" ती मटकन खाली बसली. "ते आईचं कापड आहे! ती गेली की तिच्यावर पांघरायचं, म्हणून माझ्याकडे जपायला दिलंय! आणि ती आत्ता येतेय!"

"कोण?"

"आई! उद्याच्या मुलाखतीसाठी आशीर्वाद द्यायला. बसमधून उतरल्याचा मघाशीच फोन आला."

आमच्या सासूबाई (मी त्यांना 'इबू', म्हणजे आई म्हणतो) आल्या की आधी चहा मागत नाहीत, आधी कापड मागतात. ते गालाला लावतात, पुन्हा गुंडाळतात आणि मगच टेकतात. इतक्या वर्षांत हा नेम कधी चुकला नव्हता. आणि सासूबाई रागावल्या म्हणजे ओरडत नाहीत. आवाज आणखी मऊ करतात आणि मला 'अरे कर्दी'ऐवजी 'कर्दीमानराव' म्हणू लागतात. आमच्या लग्नात माझ्या काकांनी त्यांच्या देखत बसायच्या चटईवर चपलांसकट पाय ठेवला होता. तेव्हापासून सासूबाई काकांना 'आपण' म्हणतात आणि काका आमच्या घरी येत नाहीत.

"खरं सांगून टाकू या," निंग्रुम म्हणाली.

"उद्या सांगू. तुझी मुलाखत झाल्यावर."

"आणि आत्ता तिनं कापड मागितलं की?"

एवढ्यात दारात सायकलरिक्षाची घंटी वाजली. मी झडप घालून पिनाफोर ओढला आणि लपवायला दुसरी जागा न सुचल्यामुळे शर्टाच्या आत कोंबला.

सासूबाई आत आल्या. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, केळीच्या पानात बांधलेला भात टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अरे कर्दी, पोट किती सुटलंय तुझं!"

"भात, इबू. जरा जास्तच होतो."

"आणि हे काय लोंबतंय?"

मी खाली पाहिलं. शर्टाखालून खांद्याचा एक पट्टा गुडघ्यापर्यंत आला होता. सासूबाईंनी तो दोन बोटांत धरला आणि ओढू लागल्या. पट्टा आला, छातीचा तुकडा आला, मग तोंड शिवलेला खिसा आला. मी हात वर करून उभा होतो, पोलिसांनी धरल्यासारखा.

त्यांनी पिनाफोर टेबलावर पसरला. नक्षीवरून बोट फिरवलं.

"कर्दीमानराव," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे आपण शिवलंत?"

"चूक झाली, इबू. मला माहीत नव्हतं."

"बाकीचं कापड?"

मी उरलेले तुकडे आणून दिले. त्यांनी ते मांडीवर घेतले. "निंग्रुमचे वडील गेले तेव्हा हेच त्यांच्या अंगावर होतं," त्या म्हणाल्या. "नेताना मी काढून घेतलं. म्हटलं, माझ्या वेळी हेच घालतील, म्हणजे वाटेत ओळख पटेल."

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू? बायकोच्या उसाशापायी मी एका म्हातारीची परलोकाची सोबत कातरली होती.

"मी हा घालणार नाही, आई. अपशकुनच तो! जुनाच झगा घालून जाईन," निंग्रुम मुसमुसली.

"घालायचा!" सासूबाईंनी डोळे पुसले. "ही स्लोबोगची नक्षी, पोरी. कुणी जाताना वाट मोकळी व्हावी म्हणून पांघरतात, तशी कुणी मानाच्या खुर्चीवर बसताना नेसतातही. तुझे वडील गावचे प्रमुख झाले त्या दिवशी हेच नेसले होते. या अडाण्याला ते ठाऊक नव्हतं, पण कात्री बरोबर जागी चालली. चहा टाक रे कर्दी."

'रे' ऐकलं आणि मी खुर्चीत कोसळलो. (खुर्चीवर टाचण्यांची डबी होती, तो भाग सोडून देऊ.)

शुक्रवारी निंग्रुम पिनाफोर घालून गेली. मोठे साहेब निघाले मूळचे सोलोचेच. ते आधी दचकले आणि मग म्हणाले, "बाई, तुम्ही तर खुर्ची मिळाली असं धरूनच आलात!" संध्याकाळी ती खरोखरच विभागप्रमुख होऊन घरी आली.

सासूबाईंनी माझी शिक्षा तेव्हाच सांगितली. नवं कापड मी स्वतःच्या हातानं करायचं. आता दर रविवारी मी त्यांच्या अंगणात चुलीशेजारी बसतो आणि बातिकच्या रीतीप्रमाणे कापडावर तापलेल्या मेणानं चौकोन काढतो. ते चौकोन निघतात बटाट्यासारखे. सासूबाई बघतात, मेण काढायला लावतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. अजून एकही रांग पुरी झालेली नाही.

परवा शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "तब्येत छान आहे हो तुमची, या वयात!"

"असणारच," सासूबाई म्हणाल्या. "जावई कापड पुरं करीपर्यंत जाता येत नाही, आणि त्याचा हात बघता आणखी तीस वर्षं तरी मला मरण नाही!"