चौथी ब मधला कंट्रोल गट

जून महिन्यात दिंडोशीतल्या आमच्या शाळेच्या चौथी ब च्या वर्गात पुढील गोष्टी होत्या : मुलं छत्तीस, बाक अठरा, पंखे दोन (फिरणारा एक), फळा एक, पृथ्वीचा गोल एक (आस तुटलेला, त्यामुळे आमची पृथ्वी टेबलावरून घरंगळत असे), वर्गशिक्षिका एक आणि विज्ञान-गणित समन्वयक एक. शेवटची नोंद माझी.

जगात जे जे आहे ते मोजता येतं आणि जे मोजता येत नाही ते वेळापत्रकात घालू नये, हे गंभीर सत्य मला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करताना उमगलं. ते नऊ वर्षांच्या मुलांना लागू करावं असं विद्यापीठाने कुठेही म्हटलेलं नव्हतं. ती माझी भर.

माझ्या नेमणूकपत्रात एकच वाक्य होतं : ‘प्राथमिक स्तरावर विज्ञान व गणित यांचे सर्व विषयांत एकात्मीकरण करणे.’ माझ्याआधीच्या समन्वयकांनी हे वाक्य फाइलला लावून ठेवलं होतं. मी ते वाचलं.

चित्रकलेपासून सुरुवात झाली. दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढताना डोंगरांचे कोन कोनमापकाने मोजायचे, असं ठरलं. डोंगर फारच सुधारले (सूर्य काढायला वेळ उरला नाही). परिपाठात प्रार्थनेचा आवाज मोबाइलवर डेसिबलमध्ये मोजला. सर्वाधिक भक्ती सोमवारी आढळली. मधल्या सुट्टीत खिचडीचं तापमान दर दोन मिनिटांनी नोंदवून ती थंड होण्याचा आलेख काढला आणि आलेख पूर्ण झाल्यावर ती खाल्ली. आलेख देखणा आला.

मराठीच्या तासाला ‘माझी आई’ हा निबंध होता. श्रुतिका नावाच्या मुलीने लिहिलं : ‘माझी आई एकशे छप्पन सेंटिमीटर आहे. तिचे तापमान सदतीस अंश असते. ती सकाळी साडेपाचला चालू होते. ती मला खूप आवडते (मोजलेले नाही).’

मी हा निबंध अभिमानाने वर्गशिक्षिका मार्सेलिना टीचरना दाखवला. त्या रोज मनोरीहून बोटीने खाडी ओलांडून येतात आणि सकाळच्या पहिल्या तासाला कोणाचं कौतुक करत नाहीत.

“हर्षद, ही पोरगी आईवर लिहितेय की फ्रिजवर?”

“टीचर, निरीक्षण बघा ना तिचं!”

“बघतेय. तुझंच बघतेय.”

आता एकच तास एकात्मीकरणावाचून उरला होता : शुक्रवारचा शेवटचा, मैदानाचा. त्यात मुलं डबा ऐसपैस खेळत आणि काहीही शिकत नसत. मी मुख्याध्यापक जयवंत सरांकडे हा तास मागितला. सरांनी विचारलं, “पण तुमच्या पद्धतीने फायदा होतो याला पुरावा काय?”

पुरावा हा शब्द माझ्यासमोर उच्चारू नये, हे सरांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी छत्तीस चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग केले. अठरा मुलं प्रयोग गटात, त्यांना माझी पद्धत. अठरा मुलं कंट्रोल गटात, म्हणजे ज्यांना वेगळं काहीच करायचं नाही, मार्सेलिना टीचर नेहमीसारखं शिकवतील. सत्राच्या शेवटी दोघांची एकच परीक्षा. औषधांची चाचणी अशीच घेतात. (औषधांच्या चाचणीत कोणाला काय दिलंय हे रोग्याला सांगत नाहीत. मी विज्ञानातल्या पारदर्शकतेवर श्रद्धा असल्यामुळे सगळी योजना फळ्यावर लिहून समजावली.)

श्रुतिका प्रयोग गटात होती. तिने हात वर केला.

“सर, म्हणजे प्रयोगवाले जिंकले तर शुक्रवारचा तास पण जाणार?”

“जाणार नाही. एकात्मिक होणार. डबा ऐसपैस खेळताना तुम्ही डब्याचा वेग काढाल.”

“आणि कंट्रोलवाले जिंकले तर?”

“तर तास आहे तसाच राहील.”

“ओके सर,” ती म्हणाली आणि खाली बसली. तिच्या शंकेचं निरसन झालं, असं मी वहीत लिहिलं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मला जिन्यात श्रुतिकाचा वर्गातल्या दोन मुलांशी चाललेला पुढील संवाद ऐकू आला.

“ए लवू, तू कंट्रोल ना? मग पाढे पाठ कर.”

“तू कर ना. तू तर प्रयोगात आहेस, लय हुशार.”

“मला नाही चालत रे, येड्या. तुलाच करायचेत. आणि सर्वेश, तू आपल्यात आहेस. पेपरात शहाणपणा केलास ना, तर वर्षभर राज्य तुझ्यावर.”

मी नोंद केली : ‘कंट्रोल गटात अभ्यासाची लागण. कारण अज्ञात.’

परीक्षेत वीस प्रश्न होते, प्रत्येकाला चार पर्याय. कंट्रोल गटाची सरासरी साडेपंधरा आली. प्रयोग गटातल्या सतरा मुलांना शून्य आणि सर्वेशला एक गुण मिळाला. पेपर वाटल्यावर तो रडवेला होऊन गटाची माफी मागत होता. “सॉरी यार, चुकून बरोबर आलं.”

मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन हिशेब केला. वीस प्रश्नांत डोळे मिटून खुणा करणाऱ्याला सरासरी पाच गुण मिळतात. नुसत्या नशिबाने शून्य मिळण्याची शक्यता हजारात तीन. सतरा जणांना एकाच वेळी मिळण्याची शक्यता लिहायला पानाची रुंदी पुरेना. शून्य मिळवायचं तर बरोबर उत्तर प्रत्येक वेळी ओळखून टाळावं लागतं.

“टीचर, त्यांना सगळं येतं!” मी ओरडलो. “सगळं! शिवाय प्रयोगाची रचना समजली, निकालावर परिणाम कसा करायचा ते समजलं, दोन गटांत कामाची वाटणीसुद्धा केली. माझी पद्धत यशस्वी झाली!”

“वा. मग तसं लिही रिपोर्टात.”

“लिहिलं तर त्यांचा तास जाईल.”

“नाही लिहिलं तर?”

“माझी पद्धत जाईल. बहुतेक मीही.”

“मग वाट लागली तुझी,” टीचर म्हणाल्या आणि माझ्यापुढे त्यांचा केकचा डबा सरकवला.

मी अहवालात आकडे दिले, त्यांचा अर्थ दिला नाही. विज्ञानात याला संयम म्हणतात.

पालकसभेत जयवंत सरांनी दोन्ही सरासऱ्या वाचून दाखवल्या आणि प्रयोग बंद झाल्याचं जाहीर केलं. मुलं दाराबाहेर कान लावून उभी होती. त्यांनी उडी मारल्याचा आवाज आला. तेवढ्यात श्रुतिकाचे वडील उठले.

“एक मिनिट. हे कंट्रोल कोण घेतं?”

“कोणी घेत नाही,” मी म्हणालो. “कंट्रोल म्हणजे वेगळं काहीच न करणं.”

“तेच विचारतोय ना. काहीच न करता साडेपंधरा? मग आमच्या पोरीला का नाही दिलं?”

“चिठ्ठी तशी आली.”

“चिठ्ठी?” सर्वेशची आई उभी राहिली. “आमच्या मुलाचं करिअर तुम्ही चिठ्ठीवर काढता? त्याला पण कंट्रोल पाहिजे. याचं वर्कबुक मिळतं का?”

“अहो, त्यात लिहायला काही नसतं!”

“कोरं असलं तरी चालेल. घरी करून घेऊ आम्ही.”

कंट्रोल गटाच्या पालकांनी आपल्या मुलांचं कंट्रोल अर्धवट राहू नये, अशी मागणी केली. ती रास्त होती. जयवंत सरांनी सर्वांसाठी ‘कंट्रोल बॅच’ जाहीर केली. यशस्वी बॅचची रचना ठाऊक असल्यामुळे मार्गदर्शक म्हणून मला कायम करण्यात आलं. (हसणाऱ्या वाचकांनी आपल्या पाल्याचं वेळापत्रक काढून त्यातला रिकामा तास दाखवावा. मी जागा राखून ठेवीन.) आता फक्त वेळ ठरवायची होती. वेळापत्रकात मोकळा तास एकच सापडला.

कंट्रोल बॅच, चौथी ब. वार शुक्रवार, शेवटचा तास. जागा छत्तीस. पालकांची संमती छत्तीस.